भिंत नंतर बांधू

७ जुलै, सकाळ
चहा गाळताना आई आठवली. आधण आलं की तांदूळ वैरण्याआधी ती एक मूठ चर्चच्या डब्यात टाकायची. मी आणि धाकटी झुआली चुलीपाशी बसून बघायचो. एकदा तांदूळ अगदीच थोडे होते. झुआली म्हणाली, आई, आज देवाला जरा छोटी मूठ दे ना. आईने तिला टपली मारली आणि दोघी हसल्या. त्या दिवशी पेजच प्यायलो. काय गोड होती!
ठरलं. यंदाचा विणकामाचा सगळा नफा आधी देवाला. चर्चची नवी इमारत होते आहे. घरामागची भिंत नंतर बांधू. इंजिनिअर म्हणतो, डोंगर सरकतोय, भिंत यंदाच हवी. तो चर्चला फारसा येत नाही.

९ जुलै, रविवार
चर्चमध्ये उभी राहून जाहीर केलं. माझं घर देव सांभाळेल, असंही म्हटलं. आवाज छान लागला. शिलाँगच्या कॉन्व्हेंटात वक्तृत्वाची बक्षिसं काही उगाच नाही मिळाली. चर्चचे वडीलधारे, उपा रुआलखुमा, डोळे पुसत होते.
घरी झुआली तापली. आयझॉलमधली घरं रस्त्यावरून खाली उतरतात तसंच आमचंही. वर मी, तळाला तिचे माग आणि तिची खाट. म्हणाली, ताई, देवाला आपला पत्ता ठाऊक आहे, पण तू तो पत्ताच ओढ्यात पाठवते आहेस.
तुझा विश्वास कमी पडतोय, म्हटलं. ती म्हणाली, विश्वास तेवढाच आहे गं, मी खाली झोपते आणि तू वर, इतकाच फरक.

१८ जुलै
मागच्या खोलीचं दार लागेनासं झालं. लाकूड फुगलं असणार. प्रार्थनेत मात्र वाटलं, हा संकेत आहे. देवच दार उघडं ठेवतो आहे. आम्ही विणतो त्या पुआन वस्त्रांची मोठी ऑर्डर येणार.
संकल्प: झुआलीशी गोड बोलणे.

२६ जुलै
ऑर्डर आली नाही. मागच्या खोलीच्या भिंतीला भेग आली. बारीक आहे. वर कॅलेंडर लावलं.
गोड बोलणं राहिलं.

११ ऑगस्ट
भेग कॅलेंडरच्या खाली उतरली. मोठं कॅलेंडर बघायला हवं.
पाऊस थांबला तरी फरशीखाली पाणी वाजत राहतं. झुआली म्हणते, घर आवंढे गिळतंय. तिची भाषा पहिल्यापासून अशीच. शेजारची कुत्री आमच्या पायऱ्या उतरत नाही. भात टाकला तरी रस्त्यावरूनच बघते. लाडावली आहे.

३ सप्टेंबर, रविवार
आनंदाची बातमी. कमिटीने माझ्या देणगीतून सर्वांत आधी चर्चमागे संरक्षक भिंत बांधायला घेतली. पुरी होत आली. जाड, काँक्रीटची, पाणी जायला भोकं ठेवलेली. इंजिनिअर आमचाच. सगळे बघायला गेले, मीही गेले. हात लावून पाहिला. छान गार होती.
झुआलीला म्हटलं, चर्चचं वेगळं असतं. हो ना, म्हणाली, चर्चचाही विश्वास कमी पडला असेल.

७ सप्टेंबर
वस्तीच्या पंचांनी निरोप पाठवला, घर सोडा, चर्चच्या हॉलमध्ये सोय केली आहे. मला जायला काहीच नाही. पण सगळ्यांसमोर एवढं बोलल्यावर गाठोडं घेऊन त्याच दारातून कशी जाऊ? देवाचीच बदनामी होईल.
झुआलीला म्हटलं, तू जा. तू निघशील तेव्हा, म्हणाली. मग वर तरी झोपायला ये, म्हटलं. तर म्हणते, कशाला? तुझाच मजला खाली यायला निघालाय, इथेच भेटू.
उद्या तिला समजावीन.

८ सप्टेंबर, संध्याकाळ
सकाळी झुआलीची चहासाठी हाक आली नाही. बघायला गेले, तर जिना भिंतीपासून हातभर सुटलेला. ती मागाखाली पडलेली, पाय अडकलेला. ओरडत नव्हती. म्हणाली, ताई, आता तरी जाऊया का?
शेजाऱ्यांनी तिला बाहेर काढलं, सामानही काही काढलं. डॉक्टर म्हणाले, पाय कदाचित वाचेल. मी 'वाचेल' एवढंच लिहून ठेवते.
घर दुपारी गेलं. फार आवाज झाला नाही.
हॉलकडे जाताना तीन उत्तरं तयार केली होती. कोणी काही विचारलंच नाही. उपांच्या बायकोने डुकराचं मांस घालून शिजवलेला गरम मऊ भात हातात दिला आणि म्हणाली, आधी खा.

१० सप्टेंबर, रविवार
आजपासून हॉस्पिटलात झुआलीपाशी राहणार आहे. हे पान माझ्यासाठी नाही. हॉलमध्ये ज्याच्या हाती पडेल त्याने असं करावं.
वाचलेले दोन्ही माग झुआलीचे. शिलाई मशीनही तिचंच, पायाने चालवायचं असलं तरी. लोकरीचे गुंडे उपांच्या बायकोला. मोठं पातेलं वस्तीला, मयताच्या दिवशी लागतं. जाड रजई हॉस्पिटलात पाठवावी, आजच. तिला थंडी वाजते आहे.
चर्चच्या भिंतीवर देणाऱ्यांच्या नावांची पाटी बसवणार आहेत म्हणे. नफा मागांचा होता आणि माग झुआलीचे. तिचं नाव आधी घालावं, माझं त्याखाली.
अक्षरं मात्र सारख्याच आकाराची असावीत.