पोटावर काढलेली वाट

आबा, काल मोठ्या डॉक्टरांनी माझं पोट दाबून पाहिलं आणि अकरा वर्षांपूर्वी तुमच्याबद्दल जे सांगितलं होतं तेच सांगितलं. आतड्यात गाठ आहे, ती यकृतापर्यंत पसरली आहे, आता कापून काढण्यात अर्थ नाही. पण शौचाची खालची वाट बंद होत चालली आहे, ती पुरती बंद व्हायच्या आत पोटावर दुसरी काढावी लागेल. आजार तसाच राहील, काही महिने मात्र मिळतील. सोमवारी उत्तर द्यायचंय. आज शाळेत दिवसभर मुलांना भागाकार घातले आणि एकही तपासला नाही.

तुम्हांला विचार करायला वेळच मिळाला नव्हता. मांडवी बंदरात शीड शिवता शिवता, दाभण हातात असतानाच तुम्ही कळवळून आडवे झालात. चार दिवस पोट नगाऱ्यासारखं तट्ट, पाणीसुद्धा उलटून पडत होतं. खाटेवर घालून दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, "आज केलं नाही तर परवापर्यंत राहायचे नाहीत." कागदावर सही मी केली. क्लोरोफॉर्म उतरल्यावर तुम्ही पोटाकडे नीट बघून घेतलंत आणि पहिलं काय बोललात, तर "टाका बरा घातलान. पण दोरा बारीक वापरलान." आई रडता रडता हसली.

मला मात्र त्या जागेकडे बघवत नव्हतं. डाव्या कुशीजवळचं ते लाल, ओलं तोंड, त्यावर जुन्या लुगड्याच्या घड्या, वरून पट्टा. दिवसातून चारपाच वेळा आई त्या घड्या बदलायची आणि विहिरीवर धुवायची. धोतरावर शाईचा ठिपकाही खपवून न घेणारा मी मास्तर, अंगणातूनच विचारायचो, काही हवंय का म्हणून. तुम्ही आतून म्हणायचात, "आत ये रे मास्तरा, चावत नाही ते तोंड." मी हसायचो आणि शाळेची वेळ झाली म्हणून निघायचो.

गणपतीत तुम्हांला जरा बरं होतं. आईनं हट्टानं तुमचं पान पंगतीत माझ्या शेजारी मांडलं. मोदक वाढायला सुरुवात झाली आणि तुमच्या पोटातून आवाज झाला, पाठोपाठ वास आला. मी माझं पान वीतभर पलीकडे सरकवलं. ठरवून नाही, हात आपोआप गेला, पण गेला. तुम्ही ते पाहिलंत. "इथं उकडतंय गो, माझं पान पडवीत घे," असं आईला म्हणालात. बाहेर धो धो पाऊस होता. त्या दिवसापासून शेवटपर्यंत तुम्ही पडवीतच जेवलात, आणि आबा, आत या, असं मी एकदाही म्हटलं नाही.

आता माझी पाळी. सुरीची भीती वाटते, क्लोरोफॉर्मची त्याहून जास्त. पण खरी भीती आहे ती जेवायच्या वेळेची. घरात सांगितलं तेव्हा ही म्हणाली, "धुण्याचं काय एवढं, मी धुवीन." थोरला तेवीस वर्षांचा आहे, तो मान खाली घालून भात कालवत राहिला. मी त्याच्या हाताकडेच बघत होतो. त्याला मी कुठल्या तोंडानं काही सांगू?

पोटावर वाट काढल्यानंतरचे ते आठ महिने तुम्हांला नकोसे झाले होते का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मग आठवतं, तुम्ही जाण्याआधी महिनाभर जयगडचा एक तांडेल गलबत घेऊन आला होता. तुम्ही पट्टा आवळून बसलात, त्याच्या शिडाला ठिगळ लावून दिलंत आणि कापड हलकं आणलं म्हणून त्याची चांगली खरडपट्टी काढलीत. जगण्याला विटलेला माणूस कापडावरून एवढा भांडेल का? मला वाटतं, नाही. पण हे मला सोयीचं म्हणून वाटतंय की काय, तेही कळत नाही.

याला पत्ता नाही, तेव्हा लिहून झालं की चुलीत घालीन. हिला, थोरल्याला, डॉक्टरांना, सगळ्यांना मी एकच सांगितलंय, माझं काही नाही, तुम्ही म्हणाल तसं. ते खोटं आहे. मला जगायचंय, आबा, आणि मला आत बसून जेवायचंय.