अकरा घरं आणि एक साखरपुडा

विश्रामबाग, सांगली
गुरुवार, सकाळी

ती. दादांस,

संयोगिताचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? पाचगणीच्या थंडीत जास्तच ठणकत असेल. वहिनींची शुगर किती आली? स्ट्रॉबेरी यंदा चांगली आली असं ऐकलं, आनंद झाला. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तर मी फोनवर वीरधवलचं नाव काढलं की तुमच्याकडची रेंज जाते. (टॉवर नवा बसलाय, हे वहिनींनीच मला सांगितलं. त्यांना बोलू नका.) पत्राची रेंज जात नाही. बत्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या, पण माझं अक्षर अजून वळणदार आहे, निदान तेवढ्यासाठी तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी आपल्या धाकट्या भावाची, वीरूची खुशाली. मानसिक आजाराच्या दवाखान्यातून सुटून आमच्या संस्थेच्या घरात राहायला लागल्याला त्याला आता दोन वर्षं झाली. (संस्था म्हणजे मी, डॉक्टरबाई आणि बँकेतून रिटायर झालेले दोन गृहस्थ, ज्यांचं एकमेकांशी पटत नाही.) गोळ्या वेळेवर घेतो, सकाळी रोपवाटिकेत कामाला जातो, पगार झाला की मला वडा खाऊ घालतो. सोबत जतचा सिद्धू आहे, तो कन्नडमध्ये चिडतो आणि मराठीत माफी मागतो. तिसरा आर्जव, व्यापाऱ्याच्या घरातला. तो जैन, दिवस मावळल्यावर जेवत नाही, म्हणून बाकीचे दोघंही सहालाच ताटावर बसतात. अंजना नावाची बाई सकाळ-संध्याकाळ येऊन स्वयंपाकाचं आणि गोळ्यांचं बघते. या जागेला आम्ही आश्रम म्हणत नाही, घर म्हणतो. दाराला कडी आतून आहे, बाहेरून नाही.

तर हे भाड्याचं घर पाडून तिथं अपार्टमेंट होणार आहे, आणि महिनाअखेर आम्हाला निघायचंय. मालकाचा दोष नाही, त्यांनी चार महिने आधी सांगितलं होतं. मी म्हटलं, सांगलीत घरांना काय तोटा! आणि छत्री घेऊन बाहेर पडले. दादा, मी अकरा घरं पाहिली. सगळीकडं चहा मिळाला. मी रिटायर शिक्षिका म्हटल्यावर खुर्ची मिळाली. राहणारे तिघं पुरुष आहेत म्हटल्यावरही चाललं, मांसाहार करत नाहीत म्हटल्यावर तर बिस्किटं आली. (सिद्धूच्या बाबतीत हे खरं नाही, ते मी नंतर सांगणार होते.) पण आजाराचं नाव काढलं, की त्या मालकाचा पुतण्या पुण्याहून कायमचा परत यायला निघायचा. अकरांपैकी आठ मालकांचे पुतणे निघाले. एवढे पुतणे खरोखरच आले तर पुणं ओस पडेल. एका मालकानं मात्र सरळ विचारलं, "बाई, रात्रीचं वरडत्यात का वो?" मी म्हटलं, "वरडतात. क्रिकेटची मॅच असली की." त्यानं माझ्यासमोर फाटक लावून घेतलं. मी फाटकावरचा नंबर वहीत लिहून घेतला. त्याच्याकडं पुन्हा जाणार आहे.

तोपर्यंत नव्या घराच्या डिपॉझिटसाठी वर्गणी तरी जमवावी, असं ठरलं. नाचगाणी नकोत, भाषणं नकोत, असं मी बजावलं. मग तिघांनीच सुचवलं की जेवण करू. जतची ज्वारी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी. जो येईल तो पोटभर जेवेल आणि मनाला येईल ते पेटीत टाकेल. जवळच्या एका सभागृहाचा तळमजला घेतला. सिद्धू दोन्ही हातांनी अशा भाकरी थापतो की अंजनानं हात जोडले. पण संस्थेतल्या एका बँकवाल्यांनी मला न विचारता माजी सभापती भाऊसोंना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावून ठेवलं. (दुसरे बँकवाले तेव्हापासून बोलत नाहीत.)

साडेबाराचे भाऊसो दोन वाजता आले. गाडीतून उतरले, माणसं आणि हार वरच्या मजल्यावर दिसले, तसे सरळ जिना चढले. वर साखरपुडा होता. मुलीकडच्यांना वाटलं मुलाकडचे कोणी बडे पाहुणे आहेत, मुलाकडच्यांना वाटलं मुलीकडचे. दोघांनीही फेटा बांधला आणि माईक दिला. मला हे कळलं ते स्पीकरवरून. भाऊसो म्हणत होते, "ह्यो समोर बसलेला पोरगा बघा. ह्याला बघून कोन म्हनंल का, की ह्याच्या डोक्यात बिघाड हाय? पन हाय! आन तरीबी समाजानं ह्याला पदरात घ्यायचं!" मी जिना कसा चढले ते मला आठवत नाही, माझेही गुडघे तुमच्याच घराण्यातले. वर पोचले तर नवरामुलगा उभा, मुलीचा बाप त्याच्याकडं टक लावून बघतोय, आणि मुलाचा मामा ओरडतोय की हे कुणी पसरवलं. भाऊसो टाळ्यांची वाट बघत होते.

मी माईक काढून घेतला. (शाळेत हिसकावून घेण्याची सवय होती, उपयोगी पडली.) म्हटलं, हा पाहुणा आमचा, चुकून तुमच्याकडं आला. ज्यांच्याबद्दल बोलले ती माणसं खाली भाकरी वाढताहेत. बघायची असतील तर चला, आणि जेवूनच जा. तेवढ्यात आपला वीरू आला. तो मला शोधत वर आला होता, हातात भाकरीची टोपली. सगळ्यांची नजर त्याच्यावर. मला वाटलं, आता हा घाबरणार. तो म्हणाला, "आक्का, भाकरी गार व्हायल्यात. माणसं न्हाईत व्हय?"

मुलीची आजी बनुबाई पहिली उठली. काठी टेकत खाली आली, वीरूनं वाढलेली भाकरी मोडली, आणि दोन घास झाल्यावर मला जवळ बसवून हळू बोलली, "माझा धाकटा भाऊ असाच हुता. गोठ्यात बांधून ठिवला त्याला. पावनं आलं की आमी सांगायचो, मिल्ट्रीत गेलाय. तिथंच मेला त्यो. आज पैल्यांदा बोलतेय, बाई." मग ती वीरूकडं वळली, "लय झ्याक झालीया भाकरी. तू केलीस?" वीरू म्हणाला, "सिद्धूनं. मी वांगी भाजली." तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. दादा, त्याच्या पाठीवरून घरच्या माणसाचा हात फिरून किती वर्षं झाली असतील, ते मी मोजत बसले नाही. मी चटणी वाढायला उठले.

आजीमागून दोन्हीकडचे पाहुणे उतरले. साखरपुडा पार पडला, मुलाच्या मामानं चार भाकरी खाल्ल्या, भाऊसोंनी खालीही भाषण करतो म्हटलं तेव्हा आर्जवनं त्यांच्या हातात ताट दिलं आणि तोंड बंद झालं. डिपॉझिटपुरते पैसे जमले. घर मात्र अजून नाही. पण मी हटणार नाही. बाकी काही मागायला हे पत्र लिहिलेलं नाही, नुसती खुशाली.

तुमची धाकटी,
संयोगिता

ता. क. आबांनी बांधलेला आपला इथला बंगला तुम्ही पाचगणीला गेल्यापासून चार वर्षं बंद आहे. मला फुकट नको. जमलेलं डिपॉझिट तुमच्या हातात ठेवीन आणि भाडंही वेळेवर देईन. उताऱ्यावर अजून आबांचंच नाव आहे, म्हणजे त्यात तुम्ही, मी आणि वीरू तिघंही आलो.

ता. क. दुसरं. हे पत्र तुम्हाला सोमवारी मिळेल, असं पोस्टात विचारून घेतलंय. सामानाचा टेम्पो रविवारी सकाळी सांगितलाय. तुम्हाला नको असेल तर जरूर नको म्हणा, पण इथं येऊन, वीरूसमोर बसून म्हणा.

ता. क. तिसरं. किल्ली शेजारच्या भामाबाईंकडं होती. झाडलोट झाली. वीरूनं रस्त्याकडची मोठी खोली कुणाला घेऊ दिली नाही, ती दादाची म्हणतो. तुमचा पलंग खिडकीकडं लावायचा की भिंतीकडं, ते तेवढं त्याला कळवा. तो रोज विचारतोय.