ओट्यावरची राखण

बुधवार, ३ डिसेंबर २०२५

आलो एकदाचा कोरीटला! निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना सरकारला माझी आठवण झाली आणि सांगलीहून थेट नंदुरबार दाखवलं. कचेरीतले म्हणाले, शहरातच खोली घ्या. म्हटलं, शहरातला गोंगाट आता पुरे. घरमालक भाईदास पाटील स्वतः नंदुरबारला राहतात, गावातलं हे घर दोन वर्षं बंदच होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे पेरूचं झाड, पुढे ओटा. पाटील म्हणाले, तुम्ही फक्त राहा, घराला माणूस पाहिजे. असा घरमालक सांगलीत दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही.

येताना वाटेवर मिरच्या वाळत घातलेल्या, एकरच्या एकर लाल. सतरा शिंका आल्या. टेम्पोवाला हसत होता.

जेवायला सवयीनं दोघांचा भात टाकला. हिला जाऊन तीन वर्षं झाली, पण माझ्या हाताला अजून ते कळलेलं नाही. मुलीला, काजलला, फोन केला. ती पुण्यात कामात होती, नंतर करते म्हणाली. तिला आवडेल हे घर. वाट बघत बसलो, मग झोपलो.

शनिवार, ६ डिसेंबर

कुलूप हा माझा जुना आजार. ही म्हणायची, तुमच्या घरात चोर शिरला तर दमून परत जाईल. आज सुट्टी, म्हणून खिडक्यांना गज बसवून घेतले, दाराला आतून आडव्या लाकडाचा आडणा आणि बाहेरून दोन कुलपं.

खिळे घ्यायला सुपडू वाण्याच्या दुकानात गेलो. त्यानं सांगितलं, गेल्या महिन्यात तीन घरं फुटली आणि तीही भरदुपारी. सगळं गाव कापूस वेचायला शेतात, गल्लीत कुत्रंही नसतं. माझ्या कुलपांचं कौतुक करील असं वाटलं होतं, तर म्हणतो, "कुलूप ते चोरले बी उघाडता येस, साहेब. शेजारले सांगीसन जा." इथली रीत अशी: बाहेर जाताना शेजाऱ्याला घर सांगून जायचं, आणि परत आलो की त्याच्या ओट्याशी जाऊन 'मी उनू', म्हणजे मी आलो, असं सांगायचं. तसं सांगेपर्यंत तो जागचा हलत नाही, मग चुलीवरची भाकरी करपली तरी चालेल. ऐकायला बरं वाटलं. सांगलीत माझ्या शेजाऱ्याला माझं आडनावही ठाऊक नव्हतं.

मंगळवार, ९ डिसेंबर

शेजार मिळाला. डाव्या अंगाच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारी बसलेली असते. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं गोंदण. काल नाव विचारलं, भिकुबाई म्हणाली. आज कचेरीला निघताना थोडं लाजत म्हटलं, आजी, घराकडे लक्ष ठेवा. तिनं मान वर केली. "जाय भाऊ, मी बठेल शे."

संध्याकाळी आलो तर म्हणाल्याप्रमाणे तशीच बसलेली, त्याच जागी. गुडघे पोटाशी, नजर माझ्या दारावर. 'मी आलो' म्हणायचं विसरलो. रोज कचेरीत जाऊन येणाऱ्यानं ते काय म्हणायचं! मी काही यात्रेला गेलो नव्हतो.

रविवार, १४ डिसेंबर

ग्रामपंचायतीत पोलिसांची सभा होती. हवालदार दिलवरसिंग पाडवी, मूळचे सातपुड्यातल्या काठीचे. म्हणाले, होळीला आमचं सगळं गाव घरं टाकून निघतं, दाराला नुसती बांबूची ताटी, पण काडी हलत नाही. इथं सपाटीला आल्यावर कुलूप काय असतं ते कळलं.

बोलायला मऊ, पण मुद्द्याचे पक्के. घर फुटलेलं दिसलं तर आत शिरू नका, कशाला हात लावू नका, ११२ ला फोन करा. चोर अंगावर आला तर स्वतःला वाचवण्यापुरता हात उचलायचा हक्क कायद्यानं दिलाय. पण तो पळाला, पडला, हात जोडले, की तुमचा हक्क तिथं संपला. त्यापुढचा प्रत्येक तडाखा हा तुमचा गुन्हा. कुंपणात, कडीत वीज सोडाल तर चोर मरेल आणि आत तुम्ही जाल. आणखी एक सांगितलं, दुपारचे चोर नातेवाईक म्हणून येतात. मी मुलगी, मी भाचा, असं सांगून शेजाऱ्यांसमोर कुलूप उघडतात. आणि काहीही घडलं तर वेळ घालून लिहून ठेवा, नंतर माणसाला आठवत नाही. मी म्हटलं, लिहिण्याचं माझ्यावर सोडा. सभा हसली. बऱ्याच दिवसांनी माझ्या बोलण्यावर चार माणसं हसली.

गुरुवार, १८ डिसेंबर

काजलचा फोन. नाताळात येणार होती, आता येत नाही, काम आहे. मी रागावलो. नको ते बोललो, तीही बोलली. शेवटी म्हणालो, येऊच नकोस, मला कुणी नाही असं समजेन. तिनं फोन ठेवला.

सकाळचा तो राग घेऊनच कचेरीला निघालो. भिकुबाई होती. तिला म्हटलं, आजी, मला कुणी नाही. कुणीही आलं, मुलगी म्हणालं, भाऊ म्हणालं, तरी आत सोडू नका. चोर असंच सांगतात. ती माझ्याकडे बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "बरं भाऊ. कोनीबी उनं तरी नही सोडाव." दिवसभरात माझ्याशी प्रेमानं कुणी बोललं असेल तर तेवढीच.

मंगळवार, २३ डिसेंबर

धुणंभांडी करणाऱ्या अनुसयाबाईंनी काम सोडलं. त्यांच्याकडे किल्ली असते. चार दिवस कापूस वेचायला गेल्या होत्या, आज अकराला आल्या, दोन्ही कुलपं उघडली, पण दार हलेना. आतून कुणी पाठ लावून बसावं तसं वाटलं म्हणे. जोर लावला तर दंडाला कुणीतरी धरलं. मी म्हटलं, लाकूड फुगलं असेल. हिवाळ्यात? असं विचारून त्यांनी बाही वर केली. पाच बोटं, निळी.

मी संध्याकाळी आलो तेव्हा दार अलगद उघडलं.

शुक्रवार, २६ डिसेंबर

दुपारी कचेरीत पोलिसांचा फोन. माझ्या दारात चोर सापडला. एक कुलूप तोडलेलं, आणि तो पायरीवर पडलेला, दोन्ही खांदे निखळलेले. दवाखान्यात नेईपर्यंत एवढंच म्हणाला की एक म्हातारी छातीवर बसली, उठायला तयार नव्हती. त्यानं हात जोडले, पाया पडला, पळतो म्हणाला, तरी उठेना म्हणे.

दिलवरसिंगनी दाराची कडी, तारा, मीटर सगळं तपासलं. मला सरळ विचारलं, काही लावून ठेवलं होतं का? मी दिवसभर कचेरीत, हजेरीपटावर सही आहे. ते म्हणाले, साहेब, माणूस शरण आल्यावर त्याचे हात कुणीतरी उपटलेत. चोर असला तरी हे मी सोडणार नाही.

त्यांची गाडी गेली. भिकुबाई ओट्यावर होती. हवालदार तिच्या समोरून गेले, पण तिला एक शब्द विचारला नाही.

रविवार, २८ डिसेंबर

सुपडूला विचारलं, भिकुबाईचा जबाब का घेतला नाही? त्याच्या हातातलं माप खाली पडलं.

"कोनती भिकुबाई? ती ते मरी गई, दोन साल व्हयनात."

मग सगळं सांगितलं. भाईदास पाटील तेव्हा याच घरात राहायचे, सगळे शहाद्याला लग्नाला गेले होते. घर भिकुबाईला सांगून गेले. दुपारी दोघं आले, एक म्हणाला मी पाटलांचा भाचा. तिनं विश्वास ठेवला नाही, दारात आडवी बसली. त्यांनी ओढली, डोकं पायरीच्या दगडावर आपटलं. संध्याकाळी पाटील आले तेव्हा पोलीस, रडारड, पंचनामा. तिच्या ओट्याशी जाऊन 'आम्ही आलो' हे कुणी म्हणालंच नाही. गावाला ते अजून लागून राहिलंय. सुपडू म्हणाला, रोज सकाळी तुम्ही मोकळ्या ओट्याशी बोलता, आम्हाला वाटलं, साहेब एकटे आहेत, बोलत असतील.

सोमवार, २९ डिसेंबर

रात्रभर बसून होतो. सकाळी मान खाली घालून, घर न सांगताच निघालो. मागून आवाज आला, "जाय भाऊ, मी बठेल शे."

खोटं कशाला लिहू? भीती वाटली. आणि बरंही वाटलं. या जिल्ह्यात माझी वाट बघणारं दुसरं कोण आहे? जाऊन 'मी आलो' म्हणायला हवं होतं. नाही म्हणालो. तेवढं म्हटलं असतं तर ओटा रिकामा झाला असता, आणि मग संध्याकाळी मी कुणाच्या नजरेसमोर घरी आलो असतो? दिलवरसिंगनाही काही सांगितलं नाही.

शुक्रवार, २ जानेवारी २०२६

काजलचा फोन. रडत होती. चुकलं बाबा, म्हणाली. चार दिवस रजा काढलीय, रविवारी दुपारी येते. मीही रडलो. फोन ठेवला आणि मग आठवलं, मी कुणाला काय सांगून ठेवलंय ते.

धावत ओट्याशी गेलो. म्हटलं, मी आलो. मी उनू. घर माझ्या ताब्यात घेतलं, तुम्ही आता जा. ती हलली नाही. पाया पडलो. सांगितलं, माझी मुलगी येतेय, पोटची, तिला सोडा.

तिनं मायेनं माझ्याकडे बघितलं. "चोरबी आसंच सांगतस, भाऊ. तूच सांगेल शे."

शनिवार, ३ जानेवारी

काजलला म्हटलं येऊ नकोस. कारण सांगता येईना. ती म्हणाली, अजून राग आहे ना? मग तर येणारच.

भाईदास पाटलांना फोन केला, तुम्ही येऊन 'आम्ही आलो' म्हणा. ते म्हणाले, दोन वर्षांत तीनदा म्हणून आलो. ऐकत नाही. माणूस ठेवला तर शांत बसते, म्हणून—

म्हणून मला ठेवलं.

उद्या पहाटे नंदुरबार स्टेशनवर जाऊन बसतो. काजलला तिथूनच परत घेऊन जाईन. सांगलीला, पुण्याला, कुठंही.

रविवार, ४ जानेवारी

पहाटे ५.१० — दार उघडत नाही. आडणा काढलाय. बाहेरून कुणीतरी पाठ लावून बसलंय. वजन नाही म्हणावं इतकी ती किरकोळ, पण दार हलत नाही. ओरडलो. बाहेरून आवाज, अगदी समजुतीचा, आतच बसायला सांगणारा: "तू मझार बठ, भाऊ. भायेर मी शे."

७.३० — मागचं दारही. खिडक्यांचे गज मीच बसवलेत, चांगले जाड. माझी हौस.

९.०० — काजलचा फोन लागत नाही. गाडीत असेल. सुपडू बाजाराला गेलाय, बाकी गल्ली शेतात. हाका मारून घसा बसला.

११.४० — ११२ ला लावला. कोंडलोय एवढंच सांगितलं. दिलवरसिंग निघालेत, अर्धा तास म्हणाले. म्हणाले, घाबरू नका, लिहीत राहा. लिहितोय.

११.५० — काजल लागली! म्हटलं, घराकडे येऊ नकोस, स्टेशनवरच थांब, तुझ्या आईची शपथ. दार कुणीतरी धरलंय. ती घाबरली. बाबा, छातीत दुखतंय का? तुम्ही बसा, मी रिक्षातच आहे, कोरीटची पाटी दिसली, दार मी उघडते—

फोन ठेवला तिनं. परत लावतोय. उचलत नाही.

११.५८ — रिक्षा थांबली.

दारावरचं वजन उठलं. दार मोकळं आहे — नाही, कडी बाहेरून —

खिडकीतून दिसतेय. निळा ड्रेस. बारीक झालीय. ओरडतोय, तर ती माझ्याकडे बघून हात हलवतेय, थांबा म्हणतेय. मधेच ओट्याकडे वळली. तिलाही म्हातारी दिसतेय. वाकून नमस्कार केला. आजी म्हणाली तिला. सांगतेय हसून, मी त्यांची मुलगी