धुराड्याची झडप

कासेमे, वोरू जिल्हा
शनिवार, २६ ऑक्टोबर

प्रिय उर्मास,

अनेक आशीर्वाद. तुर्कूला तू खुशाल असशील. फिनलंडमध्ये खुशाल नसायला परवानगी काढावी लागते, असं ऐकते. मीही बरी आहे. पत्र लिहिण्यास कारण आहे, पण ते जरा मागून येईल. ताईची सवय तुला ठाऊक आहेच: आधी प्रस्तावना, मग भाष्य, आणि मूळ ग्रंथ राहूनच जातो.

तू कळवल्याप्रमाणे दर शनिवारी तार्तूहून इथे येते आणि घर तापवते. खरेदीदार बघायला येईपर्यंत भिंतींना ओल धरू नये, म्हणून. आज बाहेर दोन अंश आणि पाऊस, घरात चार. म्हणजे घर बाहेरपेक्षा दुप्पट उबदार आहे, असं जाहिरातीत छापायला हरकत नाही.

तू रचून ठेवलेली बर्चची लाकडं अजून अर्धी शिल्लक आहेत. वीस वर्षं मी मुलांना संस्कृत शिकवतेय, अग्नीला बोलवायची सूक्तं मला तोंडपाठ. पण आईची विटांची भट्टी एकाही सूक्ताला दाद देत नाही. तिला वर्तमानपत्र लागतं, तेही कोरडं.

मघाशी शेजारचे एल्मारकाका कुंपणाशी आले.

"काय प्राध्यापकीणबाई, आजही आकाश तापवताय?"

"घर तापवतेय, काका."

"घर! अगं, लाकडं जळून राख होते तरी तू झडप लावत नाहीस. सगळी ऊब धुराड्यातून कावळ्यांना. तुझी आई असती तर कान धरून..." टोपी सारखी केली. "सफरचंदं घेऊन जा चार. पडून सडतायत," म्हणाले आणि वळले.

म्हाताऱ्याच्या नजरेतून काही सुटत नाही. सात शनिवार मी भट्टी पेटवतेय, आणि एकदाही झडप लावलेली नाही. म्हणून घरात चार अंश.

निखाऱ्यांवरची निळी ज्योत पुरती विझली की मगच झडप लावायची, हे आपल्याला अक्षरओळखीच्या आधी शिकवलं होतं. लवकर लावली तर ऊब घरात राहते, आणि विषारी वायूही. मागच्या ऑक्टोबरात काकांना आई पायरीवर पडलेली सापडली. दार उघडण्यापुरतं त्राण होतं म्हणून वाचली. तू पहिल्या बोटीने आलास. म्हणालास, "ताई, आई आता विसरते. झडप लवकर लावते. तिला एकटं ठेवता येणार नाही." वृद्धाश्रमाच्या कागदांवर सही तू केलीस. मी रडत होते. रडणं त्या वेळी सोयीचं होतं. आणि जूनमध्ये तिच्या मातीला, सगळ्या गावासमोर, मी तुला म्हणाले, "तूच तिला घराबाहेर काढलंस." त्यानंतर तुझी पत्रं दोन ओळींची झाली. बरोबरच आहे.

उर्मास, झडप मी लावली होती.

रविवार होता, चारची बस होती. आई बटाटे सोलत बसली होती. निखाऱ्यांवर निळं अजून नाचत होतं. मी ते पाहिलं; पाहिलं नाही असं म्हणायची सोय नाही. मनात म्हटलं, पाच मिनिटांत विझेलच, तेवढ्यासाठी आईला उठायला नको. झडप ढकलली आणि निघाले. बस मिळाली. बसायला जागाही मिळाली.

वृद्धाश्रमात ती विचारायची, "घरची भट्टी कोण पेटवतं ग?" एकदा म्हणाली, "सिर्ये, झडप मी लावली म्हणतात. लावली असेन बाई. मला आठवत नाही बघ."

मी म्हटलं, "होतं असं, आई."

तीन शब्द. व्याकरण निर्दोष.

पुढच्या शनिवारी आत्म्यांचा दिवस. ताट मांडायचं, कुऱ्हाड चालवायची नाही, मोठ्याने बोलायचं नाही, आणि घर तापलेलं हवं. गेल्यानंतरचं आईचं हे पहिलंच येणं. थंड घरात तिला कुठल्या तोंडाने बोलावू? हात झडपेपर्यंत जातो आणि परत येतो. मला आता गार राखेतही निळं दिसतं.

विक्रीच्या कागदांवर सही करून ते सोबत ठेवले आहेत. मुद्दाम आधीच, हे पत्र तुला सौदा वाटू नये. घर वीक. तू जे केलंस ते माझ्या खोट्यावर विसंबून केलंस, एवढं मात्र आजपासून तुझ्या डोक्यावरून उतरव.

शनिवारी येता आलं तर ये. निखारे तू बघ, झडप तू लाव. नाही आलास तरी तक्रार नाही. मी भट्टी पेटवीन, राईचा पाव आणि काकांची सफरचंदं मांडीन, कोट घालून बसेन, आणि आईलाही म्हणेन, कोट काढू नकोस.

खाली "तुझी ताई" लिहायची माझी सवय. या खेपेला ती जागा मोकळी सोडते. तिथे काय लिहायचं ते तू ठरव.

सिर्ये