रेक्झिनच्या पिशव्या शिवणारी बाई

आई, तू कुणावरच विश्वास ठेवत नव्हतीस. दूधवाल्यावर नाही, शेठवर नाही, आणि माझ्या प्रगतिपुस्तकावर तर मुळीच नाही. त्यावरची सही बाईंचीच आहे की मी ठोकून दिलेली, हे तू दारात उजेडाला धरून बघायचीस. आपण राहायचो त्या कॅम्प दोनमधल्या बायंडिंगच्या दुकानात तू कागद मोजायचीस आणि मोजून झाले की पुन्हा मोजायचीस. कधीतरी कुणाच्या तरी प्रबंधात एक पान उलटं शिवलं गेलं होतं आणि त्याचं खापर तुझ्यावर फुटलं होतं, तेव्हापासूनची ही सवय. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं, तसलं तुझं. शेठ वैतागून म्हणायचा, "अरे बाई, कागज है, भाग थोड़ी जाएगा!" तू मान वर न करता म्हणायचीस, "कागदच भागतात, शेठ. मानसं बसून ऱ्हातात." आणि तिसऱ्यांदा मोजायला घ्यायचीस.

आता माझ्याबद्दलही पोरं असंच बोलतात. मी निवृत्त झाले तरी कॉलेजवाले मला संदर्भ कसे द्यावेत हे शिकवायला बोलावतात. मुलांनी माझं नाव 'फौजदार' ठेवलंय, हेही मला ठाऊक आहे. मागच्या आठवड्यात एका मुलीनं निबंध आणला. तळटीपा अगदी नेटक्या: लेखक, पुस्तक, प्रकाशक, साल, पान. मला तो नेटकेपणाच खटकला. मी कपाटातून ते पुस्तक काढलं. पुस्तक एकशे चाळीस पानांचं आणि हिची तळटीप पान दोनशे बाराची! मी पुस्तकाचं शेवटचं पान तिच्यापुढे उघडून ठेवलं, तर तिची मान कानापर्यंत लाल झाली. मला खरं तर तिला झापायचं होतं. पण ती लाली मला आतून माहीत आहे, आई. मी तिला एवढंच म्हटलं की संदर्भ देणं म्हणजे काही फार मोठी विद्या नाही, कुणी सांगितलं ते सांगायचं, बस. ती गेली. मी मात्र तेव्हापासून मनानं आपल्या कॅम्पातल्या बराकीच्या त्या खोलीत जाऊन बसले आहे.

नव्वदीची सुरुवात होती. मी अंबरनाथ पूर्वेच्या एका कॉलेजात तात्पुरती शिकवत होते आणि एम.फिल. झालं तरच नोकरी पक्की होणार होती. विषय मीच निवडला होता: आपल्या भागातल्या, दुकानात नाहीतर घरी बसून नगावारी सुटं काम करणाऱ्या बायका. चाळीस जणींशी बोलायचं होतं. मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, "उंटावरून शेळ्या हाकू नका, दारोदार फिरा." फिरले की! पण बायका मला दारातच उभी करायच्या. "मीटरवाली हाय का?" "राशनकार्ड कापनार का?" एकीनं तर माझी वही हातातून घेऊन उलटीसुलटी बघितली आणि परत दिली, "अपना कुछ लिखनेका नहीं." सगळ्यांना माझा संशय आणि मला सगळ्यांचा. त्या खरं सांगत नाहीत असंच मला वाटायचं. जेमतेम बावीस जणी झाल्या आणि माझा दम संपला.

तेव्हा सरांनी विभागाच्या कपाटातला एक जुना लघुप्रबंध मला नमुना म्हणून वाचायला दिला. पाच-सहा वर्षांपूर्वी कुणा एका मुलीनं याच भागात, याच बायकांवर केलेला. तो वाचून माझा जळफळाट झाला. तिच्याशी बायका बोलल्या होत्या! पानंच्या पानं भरून बोलल्या होत्या. त्यातलं एक बोलणं मी तीन वेळा वाचलं: "पोरगी शिकली. आता माझ्याशी बोलताना ती मधेच थांबते, मला कळतील असे शब्द शोधते. मला सगळे कळतात. पण तसं तिला सांगत नाही. शोधू दे. तेवढा वेळ तरी माझ्यापाशी बसते." मला वाटलं, काय बोलली आहे बाई! आणि मी ते उचललं. त्याच्याबरोबर आणखीही उचललं, चाळीसचा आकडा भरेपर्यंत, पण हे सगळ्यात आधी. मूळ लघुप्रबंधात नुसतं 'एक स्त्री' असं होतं. मी तिचं वय अडतीस केलं, तिला रेक्झिनच्या पिशव्या शिवायला बसवलं आणि लिहिलं, 'प्रस्तुत संशोधिकेशी बोलताना ती म्हणाली'. तळटीप नाही, काही नाही. टायपिंगवाल्यानं कार्बन घालून चार प्रती काढल्या आणि मी त्या शिवायला तुझ्याकडेच आणल्या. दुसरं कुठे नेणार होते?

तो रविवार मला अजून दिसतो. दुकान बंद, म्हणून तू काम घरी आणलं आहेस. खाटेवर चार गठ्ठे. स्टोव्हवर चिकटवायची खळ शिजते आहे, मैद्याची, त्यात कीड लागू नये म्हणून मोरचुदाची चिमूट, आणि खोलीभर तो आंबूस वास. मी ओट्यापाशी भांडी घासते आहे. तू पानं क्रमानं लावते आहेस. चौथीपर्यंतच शिकलेली तू, पण हातातून जाणारा मराठी कागद वाचल्याशिवाय सोडायची नाहीस. बोट ठेवून, ओठ हलवत. मग तुझे ओठ थांबतात. मी वळून बघते. तू तेच पान पुन्हा पहिल्यापासून वाचते आहेस.

"ही बाई कोन गं?"

"कुठली?"

"ही, पिशव्या शिवनारी."

"असेल कुणीतरी. कॅम्प दोनमधलीच."

"तू गेल्तीस तिच्याकडं?"

"गेले म्हणून तर लिहिलंय ना, आई!"

"कुटं ऱ्हाती?"

मला तुझा राग आला. मला वाटलं, झाली हिची चौकशी सुरू. सही उजेडाला धरून बघायची, तसंच हे. मी भांडं आपटलं. तू पान खाटेवर ठेवलंस, त्यावर तळहात ठेवलास आणि म्हणालीस, "हे बोलनं माझं हाय. मी पिशव्या कधी शिवल्या?"

मग तू सांगितलंस. एक पोरगी दुकानात यायची, उन्हातान्हात, चार-पाच वेळा आली. आधी तू तिलाही हाकललं होतंस. पण ती येऊन गप बसायची, कधी पानं लावू लागायची. म्हणून एकदा बोललीस. "तिचं नाव टाक खाली. ती फिरली हाय, तू न्हाय."

आई, त्यावर मी काय बोलले ते तुला आठवत असेल. मी म्हणाले, "कशावरून?" हात पुसत, अगदी मार्गदर्शकांच्या आवाजात. "हे तूच बोललीस कशावरून? असं बोलणाऱ्या शंभर बाया असतील. काही पुरावा आहे का?" जिनं दुसरीचं बोलणं बिनदिक्कत आपलं म्हणून छापलं, ती आपल्या आईकडे पुरावा मागत होती. तू माझ्याकडे बघितलंस. चिडली नाहीस, हेच मला जास्त लागलं. एवढंच म्हणालीस, "चाळीस बायांना इचारलंस. मला का न्हाय इचारलं?" मी म्हटलं, घरातलं माणूस असं... असं यात... आणि मी थांबले. मी शब्द शोधत होते. तुला कळतील असे. तू स्टोव्ह बारीक केलास आणि खळ ढवळायला लागलीस.

तेव्हा तरी मला पटायला हवं होतं. मला नाही पटलं. खरं सांगायचं तर पटवून घ्यायचं नव्हतं. दिवसभर माझ्या डोक्यात एकच: हिनं ते आत्ता वाचलं, हिला आवडलं आणि आता हिला वाटतंय की आपणच बोललो. किंवा हिला मला अडवायचं आहे. मी शिकले, पुढे गेले, हे हिला सोसत नाही, असलंही मनात आलं. होय, असलंही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय उगाच?

मंगळवारी कॉलेज बुडवून मी बदलापूरला गेले. त्या जुन्या लघुप्रबंधात शेवटी तिचा पत्ता होता. बेलवलीतलं घर, अंगणात अबोली. ती आता शाळेत शिकवत होती, दोन मुलं, केस विस्कटलेले. मी खोटंच सांगितलं की तुमचं काम फार आवडलं, वह्या बघायच्या आहेत. ती हरखली. इतक्या वर्षांत तिच्या वह्या बघायला कुणी आलं नव्हतं. माळ्यावरून तिनं पत्र्याची पेटी काढली. वह्यांमध्ये सगळं तारीखवार: कुठे गेली, कोण भेटलं, कोण बोललं नाही, कुणी चहा दिला. मी पानं उलटत होते आणि आतून प्रार्थना करत होते की तुझं नाव निघू नये.

निघालं. तुझं पूर्ण नाव, बायंडिंगचं दुकान, आणि खाली ते बोलणं, तुझ्याच बोलीत, तिनं नंतर सुधारलेलं नव्हे. शेजारी समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'नाव छापू नये. मुलगी कॉलेजात आहे, तिच्या कानावर जायला नको असं सांगितलं.' मी ते वाचत असताना ती म्हणाली, "फार संशयी बाई होती हो. मी काय लिहिलं ते मला तीनदा वाचून दाखवायला लावलं. आणि हात असे... खळीनं पांढरे. तुम्ही ओळखता का त्यांना?"

"नाही," मी म्हणाले. ती चहा टाकायला आत गेली, मी तो न पिता निघाले.

परत येऊन मी टायपिंगवाल्याला गाठलं. जिथे जिथे उचललं होतं ती अकरा पानं नव्यानं टाइप करून घेतली. पिशव्या शिवणारी बाई काढून टाकली. प्रत्येक ठिकाणी खाली त्या बेलवलीच्या मुलीचं नाव, तिच्या लघुप्रबंधाचं नाव, वर्ष, पान. आणि प्रस्तावनेत कबूल केलं की मी बावीस जणींशीच बोलले. सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण त्यांनी सही केली. या सगळ्यात मुदत हुकली आणि माझी नोकरी एक वर्ष उशिरा पक्की झाली, ते तुला माहीतच आहे. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं चोख काम.

नवीन पानं मी एका संध्याकाळी दुकानात आणून दिली. शेठ समोर बसला होता. तू पुन्हा बोट ठेवून वाचलंस, तळटीपही वाचलीस, सगळी, सालासकट. मग मान वर केलीस. तुझ्या तोंडावर जे होतं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं.

"माज्या शब्दावर बदललंस?"

आणि मी म्हणाले, "हो."

तू शेठला म्हणालीस, "पोरीनं माज्या शब्दावर बदललं, शेठ." त्याला काय कळणार? तो म्हणाला, "अच्छा है, बाई, अच्छा है," आणि कात्रीनं दोरा कापत राहिला. तू गठ्ठा उचललास, टेबलावर आपटून कडा जुळवल्यास आणि टोच्यानं भोकं पाडायला घेतलीस. आई, त्या दिवशी तू पानं मोजली नाहीस. मी शेजारीच उभी होते. एकदाही मोजली नाहीस. चारही प्रती तशाच शिवल्यास, काळ्या रेक्झिनमध्ये, आणि त्यातली एक आपल्या ट्रंकेत ठेवलीस. नंतर शेजारपाजारच्या बायकांना, बहिणीला, तुला बघायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनासुद्धा तू ते सांगितलंस. माज्या शब्दावर. मी दर वेळी तिथेच असायचे आणि दर वेळी मान डोलवायचे.

तू गेल्यावर मी ती ट्रंकेतली प्रत काढून पानं मोजली. बरोबर भरली. अकरा ठिकाणी तळटीपा आहेत, सगळ्या बरोबर, पान नंबरासकट. आजही कुणी तपासाव्यात. चूक फक्त एकाच जागी आहे आणि ती कागदावर नाही. हे पत्र कुठे टाकायचं मला माहीत नाही, टाकणारही नाही. टाकलं असतं तरी तू आधी उजेडाला धरून बघितलं असतंस. मी तुझ्या शब्दावर काही बदललं नव्हतं, आई. मी बेलवलीला जाऊन तपासून आले होते.