खाली न जाणारं बटण

३ मार्च, सोमवार

गॅसचा नंबर आज लागला नाही. का, तर कोड आला नाही. कोड का आला नाही, तर फोन म्हणतो — निरोपांसाठी जागा नाही! तीनशे निरोप साठलेत म्हणे त्याच्या पोटात. माझ्या माळ्यावर जागा आहे, डब्यांत आहे, फक्त या तळहाताएवढ्या यंत्रात नाही.

जुने पुसायचे तर यादीत खाली जावं लागतं. आणि मधल्या गोल बटणाची वरखाली जाणारी कड सव्वा वर्ष झालं मेलेली आहे. मधलं चालतं, डावं-उजवं चालतं. नेहमीचे नंबर मला पाठ, उरलेले हिशेबाच्या वहीत शेवटच्या पानावर. निरोप आला की सगळ्यात वरचा दिसतो, तो वाचते. त्याच्या खाली काय असतं ते दिसत नाही. न दिसल्यानं आजवर काही अडलंही नव्हतं.

हे म्हणाले, ‘‘नवीन घे आता.’’ यांना दर वर्षी नवा फोन लागतो, वर नवा नंबरही. जुन्यात काय बिघडलं ते बघण्याचे कष्ट वाचतात ना!

४ मार्च

घरगुती उपचार केले. आधी खोडरबर. मग दात कोरायची काडी. मग जुना ब्रश. लेक ऑफिसला निघता निघता दारात थांबली. ‘‘आई, तो फोन आहे. तवा नाही.’’

तिला म्हटलं, घासल्याशिवाय काही उजळत नाही, मूल असो की भांडं.

उपचारांचा गुण आला. आता डावीकडचंही चालेनासं झालं.

५ मार्च

जेवताना यांनी हळूच पुडी सोडली. माझ्या ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन वीस तारखेला आहे. भाचीनं यांच्या ऑफिसात फोन करून कळवलं.

‘‘तू एक फोन कर.’’

‘‘माझा फोन बिघडलाय.’’

‘‘बटण बिघडलंय. फोन चालतोय.’’

एरवी घरात मीठ कुठे असतं ते यांना ठाऊक नसतं, पण माझ्या बहाण्याचं भोक बरोबर सापडतं!

मी बोलणार नाही. एकदा लिहूनच टाकते म्हणजे मनात घोळणार नाही. आई आजारी, ताईकडे होती. गेल्या एप्रिलमध्ये गेली. दुपारी दीडला गेली आणि मला फोन आला संध्याकाळी पाचला. सकाळपासून तिचा जीव खाली-वर होत होता, हे मला तिथे पोचल्यावर शेजारणीकडून कळलं. बसनं चार तासांची वाट. सकाळी कळवलं असतं तर आईच्या तोंडात माझ्या हातचं पाणी पडलं असतं. हे मी ताईला सगळ्यांसमोर विचारलं. तर उत्तर काय? ‘‘तुला यायचंच असतं तर आली असतीस.’’

चोराच्या उलट्या बोंबा! त्या दिवसापासून अकरा महिने मी गप्प, तीही गप्प. तिनं तरी कुठे विचारलं, जिवंत आहेस का म्हणून?

देवापुढे सगळ्यांसाठी मागते. तिच्यासाठीही मागते. अगदी शेवटी, आणि थोडंसंच.

६ मार्च

मोठ्या दुकानात जाऊन आले. काचेचं दार, आत एवढा गारवा की भाजी ठेवली तर आठवडाभर टिकेल. गळ्यात पट्टा अडकवलेल्या माणसानं माझा फोन दोन बोटांत धरला, मेलेल्या उंदराची शेपूट धरतात तसा.

‘‘मॅडम, याचे पार्ट आता येत नाहीत.’’

‘‘माझेही येत नाहीत. तरी चालतेय.’’

तो हसला नाही. हसण्याचं बहुधा त्याला वेगळं बिल करावं लागत असेल. नवे फोन मात्र सतरा दाखवले. त्यातल्या एकालाही बटण नाही. बटणच नाही म्हणजे बिघडणार नाही — घरात माणसंच ठेवू नका, म्हणजे भांडण होणार नाही, तसं.

७ मार्च

शेगडी आज पेटली. उद्याचं देवाला माहीत. त्याला कोड लागत नाही.

८ मार्च, शनिवार

फोन दुरुस्त करणारी मिळाली! लेकीनंच पत्ता आणला. जिन्याखाली कपाटाएवढं दुकान, आणि आत माझ्याच वयाची एक बाई, एका डोळ्याला भिंग लावून बसलेली. समोर फोनांची आतडी पसरलेली.

तिनं चार स्क्रू काढले, झाकण उचललं आणि माझ्याकडे पाहिलं.

‘‘बाई, यात कणीक आहे.’’

‘‘असेल एवढीशी.’’

‘‘एवढीशी? दोन माणसांची पोटं भरतील.’’

 माझ्या घरात बसून माझ्या सुनेला मी असंच बोलले असते, सून असती तर.

मग तिनं भिंगातून दाखवलं. प्रत्येक बटणाखाली पत्र्याची एक बारीक टिकली असते, मध्ये फुगीर. दाबली की टक्कन बसते, खालच्या रेघांना टेकते, सोडली की परत फुगते. माझ्या दोन टिकल्यांवर हिरवा गंज चढला होता. डावीकडची आमच्या ब्रशानं चेपली होती. ती म्हणाली, ‘‘पाणी, पीठ, घाम. बायकांच्या फोनात हेच निघतं. पुरुषांच्या फोनात तंबाखू.’’

दुसऱ्या मेलेल्या फोनातल्या टिकल्या काढून लावते म्हणाली. मंगळवारी या. किंमत सांगितली, मी निम्मी सांगितली, तिनं भिंग काढून माझ्याकडे बघितलं, मी पूर्ण कबूल केली.

निघताना विचारलं, ‘‘आतले निरोप जाणार नाहीत ना?’’

‘‘का, महत्त्वाचे आहेत?’’

‘‘वाचल्याशिवाय कसं सांगू?’’

तिनं कपाळावर हात मारला नाही, एवढीच सभ्यता.

९ मार्च

फोनशिवायचा दिवस. यांचा फोन तीनदा हातात घेतला. किती वाजले ते बघायला. भिंतीवर घड्याळ आहे, हे यांनी सांगायची गरज नव्हती.

११ मार्च, मंगळवार

फोन आला! बटण असं चालतं की बघत राहावं. टक — खाली. टक — वर. नव्या फोनात हे सुख नाही, त्यात बोट नुसतं घसरतं.

त्या बाईला म्हटलं, ‘‘देव तुमचं भलं करो.’’ ती म्हणाली, ‘‘करेलच. तुम्ही तेवढे कणकेचे हात धुऊन फोन घेत जा.’’

यांनी फोन हातात घेऊन बटण दोनदा दाबून पाहिलं. ‘‘वा! झालं की बरं. मग आता?’’

‘‘आता काय?’’

‘‘काही नाही,’’ म्हणाले, आणि पेपर उघडला. पेपर उलटा होता.

ऑपरेशनला अजून नऊ दिवस आहेत. विचार करते म्हटलं. विचार करायला पैसे पडत नाहीत.

दुपारी भांडी आवरून निरोप पुसायला बसले. वरून सुरुवात केली, नवे आधी. एकेक उघडायचा, वाचायचा, पुसायचा. न वाचता टाकायला जीव होत नाही, आले आहेत ते आपल्याच नावानं. ‘अभिनंदन! आपली निवड झाली आहे.’ दर आठवड्याला कोणी ना कोणी माझी निवड केली आहे. लग्नानंतर पहिल्यांदाच! गुडघ्याचं तेल. बिनव्याजी गाडी. टक्कल असल्यास संपर्क करा. एकशे चाळीस पुसले. सगळा केर. मी काही गमावलं नाही, हेच खरं.

गॅसचा कोडही आला. लावला नंबर.

१२ मार्च

आज पुढचे पुसत होते. गेल्या एप्रिलपर्यंत आले. सतरा तारीख, आई गेली तो दिवस.

सकाळी ११.४०, ताई : ‘बसलीस का बसमध्ये? आई सारखी दाराकडे बघतेय.’

त्याच्या खाली, सकाळी ९.१०, ताई : ‘तुझा फोन बंद लागतोय. भाऊजींचा जुना नंबर लागत नाही. आई तुझं नाव घेतेय. असशील तशी नीघ.’

त्या दोन्हींच्या वर होतं, ‘अभिनंदन!’ तेवढंच मी त्या दुपारी वाचलं होतं. सकाळी फोन मीच बंद ठेवला होता. आईला बरं वाटावं म्हणून जपाला बसले होते.

फोन लावला. ताईनं उचलला. ‘‘ताई,’’ म्हटलं आणि रडूच आलं.

 मग ताई म्हणाली, ‘‘रडायचंच असेल तर इकडे येऊन रड. फोनवर पैसे जातात तुझे.’’