गयाबाईच्या वावरात

४ नोव्हेंबर
कापूस सगळा फुटलाय आन् वेचायला एक बाई नाय. सकाळी गयाबाईकडं गेले. आमच्या पिशोर गावातल्या बायांची टोळी तीच जमवते. तर दाराला कुलूप. कन्नड गावाकडं अद्रक काढायला गेल्या सगळ्या, शेतकरी गाडी पाठवतो म्हणं. ह्यांना कंपनीत फोन केला. म्हणले, "बायांचा रोज वाढवून दे ना." जसं मला सुचलंच नव्हतं.

६ नोव्हेंबर
संध्याकाळी गयाबाई सापडली. कन्नडवाल्यापेक्षा जास्त देते म्हणले, तर हसली. "वैनी, माझं बी एकर फुटून पडलंय. मला कोण बाया देतं? एक दिस माझ्या वावरात या, सावड करू. मग टोळी घिऊन तुमच्यात येते."
घरी सांगितलं. सासूबाई म्हणल्या, "आपल्याकडं रोजानं येणाऱ्या बाईच्या वावरात तू वाकणार?" जेवल्या नायत. आभाळ भरून आलंय. भिजला कापूस तर व्यापारी मातीमोल भाव करंल. जीव थाऱ्यावर नाय.

७ नोव्हेंबर
गेले. सकाळी लई लाज वाटली, रस्त्याकडं पाठ करून वेचत होते. दुपारनंतर ध्यानातच राहिलं नाय. कंबर मोडली, बोटं सोलली. गयाबाई म्हणली, "वैनी, हात चालतो की तुमचा." बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

८ नोव्हेंबर
गयाबाई आली, पण एकटी. बाकीच्या कन्नडच्या गाडीत बसल्या. "लई सांगितलं त्यांला. पण रोज बुडवा असं कसं म्हणू?" राग आला, कुणावर काढावा कळंना. दोघीच दिवसभर वेचत राहिलो. वावराचा एक कोपरा झाला. वारं सुटलंय.

९ नोव्हेंबर
पहाटं पाऊस पडून गेला. कापूस झाडालाच लोंबतोय, चिखलात बी पडलाय. बांधावर बसून रडले.
घरी आले तर दारात गयाबाई. "वाळस्तोवर वेचता येत नाय वैनी. गाडीत एक जागा हाय. येता का उद्या अद्रकीला? एवढं कष्ट करून तुमच्या कापसात जे उरंल, त्यापरीस बरं मिळंल."
सासूबाई ओसरीवर ज्वारी निवडत होत्या. मला वाटलं, आता गयाबाईचं काय खरं नाय.
त्यांनी मान वर केली नाय. म्हणल्या, "गाडी किती वाजता येती?"
गयाबाईनं सांगितलं आन् गेली. मी अजून व्हय म्हणले नाय.